पायाची जखम भरत नाहीये, काय लावू?

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं पायाच्या जखमांची आहेत. पावसाळ्याच्या शेवटाला हे दरवर्षी ठरलेलंच, ठाण्याच्या घोडबंदर रोडचे खड्डे म्हणा, स्टेशनच्या जिन्यावरची घसरण म्हणा, जुलैत लागलेलं सप्टेंबरपर्यंत ओलंच राहतं. आणि पत्र कुठूनही येऊ दे, शेवटी प्रश्न एकच असतो, "डॉक्टर, काय लावू?"

माझा उलटा प्रश्न आहे. जखम भरत का नाहीये? कारण जखम भरायचं काम शरीर स्वतः करतं, मलम नाही करत. चांगल्या तब्येतीच्या माणसाचं नडगीवरचं खरचटणं दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरतं. नडगीला जरा वेळ लागतोच, तिथे कातडी थेट हाडावर ताणलेली असते, खाली मांस नाही. पण चार आठवडे झाले आणि जखम निम्मीसुद्धा कमी झाली नाही तर आत कुठेतरी काहीतरी अडलंय, ते शोधायला हवं. ते न शोधता ट्यूब बदलत राहणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पत्रं कापून छोटी केली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : आम्ही कासारवडवलीला राहतो. सासूबाई ६९ वर्षांच्या. रिक्षात चढताना पत्रा लागून डाव्या पायाला घोट्याच्या वर, आतल्या बाजूला सालटं निघालं. अडीच महिने झाले. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, दोन मलमं झाली, शेजारच्या काकूंनी हळद-तूप लावलं. सतत पाणी येतं, ड्रेसिंग संध्याकाळपर्यंत भिजून जातं. संध्याकाळी पाय सुजतो, सकाळी उतरतो. घोट्याभोवतीची कातडी काळपट झालीये. शुगर नाही.

उत्तर : ताई, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहून पाठवलंय. संध्याकाळी चढणारी आणि सकाळी उतरणारी सूज, घोट्याच्या आतल्या बाजूची जागा, काळपट कातडी, भरपूर पाणी, हे सगळं अशुद्ध रक्ताच्या शिरांकडे बोट दाखवतंय. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. वयाने, बाळंतपणांनी, वर्षानुवर्षं ओट्यापाशी उभं राहून त्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली साचतं, घोट्यापाशी दाब वाढतो, पाणी आणि रक्तपेशी शिरेबाहेर झिरपतात आणि त्या पेशींमधलं लोह कातडीत उतरून ती तपकिरी दिसायला लागते. म्हणजे हे दुखणं आधीपासूनच होतं, रिक्षाचा पत्रा फक्त निमित्त. पायावर फुगलेल्या शिरा दिसल्याच पाहिजेत असंही नाही, आतल्या आत बिघाड असतो.

आता यावर इलाज मलम नाही, दाबपट्टी आहे. पण पट्टी बांधायच्या आधी शुद्ध रक्ताचा पुरवठा नीट आहे ना हे बघावंच लागतं. त्याची तपासणी अगदी साधी आहे. पेशंटला आडवं झोपवायचं, दंडाचं बीपी घ्यायचं, मग घोट्यावर पट्टा बांधून, पावलावर जेल लावून पेनाएवढं यंत्र टेकवायचं, त्यातून नाडीचा सू-सू आवाज येतो. पट्टा फुगवत गेलं की आवाज बंद होतो, हवा सोडताना ज्या आकड्याला परत येतो ते घोट्याचं बीपी. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा. उत्तर साधारण १ च्या आसपास आलं तर रक्तपुरवठा ठीक, ०.९ च्या खाली आलं तर शुद्ध रक्ताच्या नळ्या अरुंद झाल्यात. ०.८ च्या खाली असेल तर घट्ट पट्टी बांधायची नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम, सुई नाही, दुखत नाही, तरी अडीच महिन्यांत कोणी केलं नसेल तर मला नवल वाटणार नाही, कारण आपल्याकडे जखम बघतात, पाय कोणी बघत नाही. त्यानंतर शिरांची कलर डॉपलर सोनोग्राफी. ती उभं करून करायला सांगा, झोपवून केली तर झडपांची गळती नीट दिसत नाही.

पुरवठा ठीक निघाला की बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत थरांची दाबपट्टी, घोट्यापाशी सगळ्यात घट्ट (साधारण ४० मिलिमीटर दाब) आणि वर जाताना सैल. मेडिकलमधलं नेहमीचं क्रेप बँडेज यासाठी पुरत नाही, सकाळी बांधलेलं दुपारपर्यंत घोट्यावर गोळा होऊन बसतं. पहिल्या काही वेळा जाणकार माणसाकडूनच बांधून घ्या आणि बघून शिका. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, दुखणं वाढलं तर लगेच सोडायची. सासूबाईंना खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून मालिका बघू देऊ नका, पाय छातीच्या वर राहील असं टेकवायचं आणि पावलं वर-खाली हलवत राहायची, तेवढाच पोटरीला व्यायाम.

आणि गळकी शीर बंद करायची का, हा विचार जखम भरायची वाट न बघता आत्ताच करा. पूर्वी आम्हीही म्हणायचो की आधी जखम भरू दे, मग शिरेचं बघू. २०१८ साली ब्रिटनमधल्या २० केंद्रांतल्या ४५० पेशंटचा अभ्यास आला, त्यात लेसरसारख्या उपायांनी शीर लवकर बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली आणि आधी फक्त पट्टीवर ठेवलेल्यांतल्या निम्म्यांची ८२ दिवसांत. दाबपट्टी दोन्हीकडे होती हे विसरू नका, लेसर केलं म्हणजे पट्टीतून सुटका असं नाही. जखम भरल्यावरही दाबाचे मोजे घालायचेच, नाहीतर परत तिथेच उघडते.

अँटिबायोटिक बंद करा असं मी न बघता सांगणार नाही, पण चौथा कोर्स सुरू करायच्या आधी डॉक्टरांना कारण विचारा. उघड्या जखमेवर जंतू असतातच, वरवर कापूस फिरवून कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं की काही ना काही उगवणारच. लाली पसरतेय, पाय गरम लागतोय, ताप आहे, दुखणं अचानक वाढलंय, तेव्हा औषध हवं. जखमेभोवती खाज सुटून बारीक पुरळ आलं असेल तर मलमाचीच ॲलर्जी असू शकते, निओमायसिन आणि फ्रामायसेटिनवाल्या मलमांनी हे बऱ्याच जणांना होतं. धुवायला उकळून गार केलेलं पाणी किंवा सलाईन पुरे. ते फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, फेस बघून समाधान होतं पण नव्या पेशीही मरतात. हळद-तूप काकूंना न दुखावता स्वयंपाकघरात परत पाठवा.

प्रश्न : बाबा ५७ वर्षांचे, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी आहेत. कांद्याच्या गोणींची हातगाडी पायावरून गेली, अंगठ्याचं नख निघालं. दीड महिना झाला, आता अंगठ्याचं टोक काळं पडलंय. रात्री झोपत नाहीत, पाय खाटेखाली सोडून बसले की बरं वाटतं म्हणतात. बिडी दिवसाला एक बंडल. एकांनी घट्ट क्रेप बँडेज बांधायला सांगितलंय, बांधू का?

उत्तर : नाही. बांधलं असेल तर हे वाचता वाचता सोड. वरच्या आजींना जी पट्टी तारेल तीच बाबांचा पाय घालवेल. एकाची जखम बरी झाली म्हणून तोच उपाय दुसऱ्याला सांगायचा नसतो तो याचसाठी.

पाय खाली सोडल्यावर बरं वाटतं याचा अर्थ शुद्ध रक्त बोटांपर्यंत पोचत नाहीये, खाली लोंबकळलं की उतारामुळे थोडं पोचतं. बाबांना विचार, गेली काही वर्षं चालताना पोटरी आखडून मध्येच थांबावं लागतं का, दोन मिनिटं थांबलं की परत चालता येतं का. बहुतेक हो म्हणतील. मार्केटात सगळे याला थकवा म्हणतात, ओझं उचलणाऱ्याची पोटरी दुखणारच असं धरून चालतात. पाय दुसऱ्यापेक्षा गार असेल, कातडी चकचकीत, केस गळलेले, नखं जाड.

हे याच आठवड्यात व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवायचंय, साध्या ड्रेसिंगला नाही. डॉपलर, मग गरज पडली तर सीटी अँजिओग्राफी, त्यात नळी कुठे तुंबलीये ते कळतं आणि फुग्याने उघडायची की बायपास करायचा ते ठरतं. जवळपास व्हॅस्क्युलर सर्जन नसेल तर मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या सर्जरी ओपीडीत जा आणि "रात्री पाय दुखतो, टोक काळं पडलंय" हे दोन्ही पहिल्या वाक्यात सांग. कोणी घाईने अंगठा कापू म्हणालं तर आधी रक्तपुरवठ्याची तपासणी मागायची. कापलेली जागा भरायलाही रक्त लागतंच ना, ते नसेल तर अंगठ्यानंतर पाऊल आणि पावलानंतर पोटरी असा प्रवास होतो. पण जंतू पसरून जिवावर बेतत असेल तर मात्र सडलेला भाग लगेच काढावा लागतो, तिथे अडून बसू नको.

तोपर्यंत काळा भाग कोरडा ठेव, कोरडं काळं बरं असतं. ओलं झालं, वास आला, ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. गरम पाण्याची पिशवी नको, नेलकटर नको, बाम चोळणं नको. आणि बिडी. कमी नाही, बंद. नळ्या आवळून ठेवणारी तीच, आणि एवढी नळी उघडून दिली तरी बिडी चालू राहिली तर ती परत तुंबते. हाच आजार बऱ्याचदा हृदयाच्या नळ्यांतही असतो म्हणून ईसीजी काढून घ्या.

प्रश्न : वय ४८, रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहे. शुगर ११ वर्षांपासून. तळव्यात स्क्रू घुसला होता, संध्याकाळी मोजा काढल्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. चार महिने झाले, छोटंसं भोक आहे, भोवती कातडी जाड झालीये. दुखत नाही म्हणून ड्युटी चालू आहे. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ९.२.

उत्तर : दादा, "दुखत नाही म्हणून" हेच तर दुखणं आहे. बुटात स्क्रू घुसलेला दिवसभर कळत नाही म्हणजे पायाच्या नसा गेल्यात. दुसऱ्या कोणाला तळव्यात एवढी जखम असती तर तो लंगडला असता आणि त्या लंगडण्यानेच जखमेवरचा भार कमी झाला असता. तुम्ही रोज शॉप फ्लोअरवर हजारो पावलं त्याच भोकावर टाकताय.

भोक छोटं दिसतंय त्यावर जाऊ नका, ती जाड कातडी छाटल्यावर खाली कितीतरी मोठी पोकळी निघते. छाटायचं काम डॉक्टरचं, घरी ब्लेड घेऊन बसायचं नाही. मग निर्जंतुक धातूची सळई अलगद आत घालून बघतात, टणक, खरखरीत असं काही लागलं तर जखम हाडापर्यंत गेलीये आणि हाडात इन्फेक्शन असायची शक्यता खूप वाढते. एक्स-रे काढाच. मात्र हाडातला बदल एक्स-रेवर दिसायला दोन-तीन आठवडे जातात, शंका राहिली तर एमआरआय. एक्स-रेमध्ये स्क्रूचा तुकडा किंवा बुटाच्या सोलचा काही अंश आत राहिलाय का तेही बघायला सांगा, धातू दिसतो पण रबर दिसेलच असं नाही, त्याला सोनोग्राफी. तुमच्या बाबतीत घोट्याच्या बीपीचा तो आकडा एकट्यावर विश्वास ठेवण्यासारखा नाही, शुगरमध्ये नळ्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि आकडा १.३-१.४ च्या वर जाऊन खोटाच छान दिसतो. म्हणून पायाच्या अंगठ्याचं बीपी मोजतात.

इलाजातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे त्या जागेवरचा भार काढणं. त्यासाठी गुडघ्याखालपर्यंत पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालतात. हाड मोडलेलं नसताना प्लास्टर कशाला असं घरचे विचारतीलच. तर हे काम आपल्याच देशात वेल्लोरला झालंय, १९४६ मध्ये तिथे आलेल्या पॉल ब्रँड या सर्जननी कुष्ठरोग्यांच्या पायांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की या जखमा आजाराने सडत नाहीत, दुखत नसलेल्या पायावर माणूस चालत राहतो म्हणून भरत नाहीत. प्लास्टरमध्ये भार सगळ्या पायावर वाटला जातो. काढता येणारा बूटही मिळतो, पण तो लोक "जरा बाथरूमला जाऊन येतो" म्हणून काढतात ते काढतातच, त्यामुळे न निघणारं जास्त लागू पडतं. रक्तपुरवठा अगदी कमी असेल किंवा जोराचं इन्फेक्शन असेल तर आधी त्याचं बघावं लागतं, मग प्लास्टर.

रजा घ्यावी लागेल, दुसरा मार्ग नाही. ईएसआयसी (कामगार विमा) लागू असेल तर आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात, एचआरला विचारा. शुगरचं औषध बदलून घ्या, काही दिवस इन्सुलिन लागलं तर घाबरू नका. आणि बरं झाल्यावर बूट घालायच्या आधी आत हात फिरवून बघायची सवय लावा, देवळातही अनवाणी फिरायचं नाही, दर्शन मोजे घालूनही होतं.

प्रश्न : टाके पडलेत. आंबट खाल्लं की पू होतो म्हणून आई लिंबू, दही, ताक काहीच देत नाही. अंडं आणि मासेही बंद. खरंय का?

उत्तर : नाही. पू जंतूंनी होतो, ताकाने नाही. उलट लिंबू-आवळ्यातलं सी जीवनसत्त्व नवीन कातडीचे धागे विणायला लागतं आणि अंडी-मासे-दही यातलं प्रथिन तर हवंच हवं. जखम भरत असताना वजनाच्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन रोज जावं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम, वरणभातावर एवढं होत नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. आईला म्हणावं ताक द्या.

प्रश्न : आम्ही दिवाळे गावचे कोळी. आई खाडीत कालवं काढायला गेली होती, नडगीला शिंपला कापला. जखम वरून भरली, पण महिन्याभराने तिथे लालसर गाठ आली, आता वर गुडघ्याकडे ओळीने तीन गाठी आहेत. एक फुटली. दुखत फारसं नाही, ताप नाही. नेहमीच्या गोळ्यांनी फरक नाही.

उत्तर : भाऊ, खाडीतलं पाणी, उशिरा आलेली गाठ आणि ओळीने वर चढणाऱ्या गाठी हे वर्णन ऐकून माझ्या मनात दोन-तीन नावं येतात, त्यात टीबीच्या जंतूचा एक चुलतभाऊ आहे, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. मासळी आणि पाण्याशी रोजचा संबंध असलेल्यांना तो होतो. दुसरी शक्यता एका बुरशीची. न बघता नक्की कुठलं ते सांगता येत नाही, पण नेहमीचं अँटिबायोटिक यांना लागू पडत नाही हे नक्की.

गाठीचा तुकडा काढून तपासायला द्यावा लागेल, आणि सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकू देऊ नका, त्यात जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. एक तुकडा सलाईनमध्ये वेगळा. लॅबला खाडीत काम करते हे लिहून कळवायला सांगा, कारण हा जंतू ३० अंशाच्या आसपास वाढतो आणि लॅब नेहमी ३७ अंशावर ठेवते, मग रिपोर्ट कोरा येतो आणि सगळे म्हणतात काही नाहीये. निदान झालं तर औषध काही महिने घ्यावं लागतं, गाठी गेल्या तरी मध्येच सोडायचं नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, खाडीत कापल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत पाय भराभर सुजला, काळे-निळे फोड आले, थंडी वाजून ताप आला तर तो वेगळाच जंतू असतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न : लहानपणी स्टो भडकून गुडघ्यामागे भाजलं होतं. आता मी ५१. त्या व्रणावर अधूनमधून फुटायचं आणि भरायचं. गेल्या वर्षी दरवाजा लागला तेव्हापासून भरलंच नाही, कडा जाड होऊन वर आल्यात, हात लावला की रक्त येतं. लग्नसराई झाल्यावर दाखवते.

उत्तर : लग्नसराईनंतर नाही, ताई, याच आठवड्यात. जुन्या भाजल्याच्या व्रणावर वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, फ्रेंच सर्जन मार्जोलिन यांनी १८२८ साली अशा जखमांचं वर्णन केलं तेव्हापासून त्यांच्याच नावाने ओळखतात. कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वर येणं, सहज रक्त येणं, वास येणं ही त्याची लक्षणं. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाहीये, पण बायोप्सीशिवाय नाही असंही कोणाला म्हणता येणार नाही. तुकडा कडेचा घ्यायला सांगा आणि एकापेक्षा जास्त ठिकाणचा. भूल जागेपुरती, त्याच दिवशी घरी. वेळेत कळलं तर बऱ्याचदा ऑपरेशनने काम होतं, म्हणून तर घाई करतेय.

प्रश्न : बाइकवरून पडून नडगी सोलली, पट्टी बांधून कळव्याच्या साचलेल्या पाण्यातून घरी यावं लागलं. टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) आठ महिन्यांपूर्वी घेतलंय. परत घेऊ का? आणि जखम उघडी ठेवू की झाकू?

उत्तर : टीटी परत नको. लहानपणीचे डोस पूर्ण झालेले असतील तर घाणेरड्या जखमेलाही शेवटच्या इंजेक्शनला ५ वर्षं झाली असतील तरच पुन्हा लागतं, प्रत्येक खरचटण्याला सुई टोचून घ्यायची आपल्याकडची पद्धत उगाच आहे. भिजलेली पट्टी काढून साबण-पाण्याने भरपूर धुवा, खडी-माती राहू देऊ नका, आणि झाका. वारा लागला की लवकर सुकते हे खरं, पण सुकणं म्हणजे भरणं नव्हे. १९६२ साली जॉर्ज विंटरनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलंय की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते.

तुमची खरी काळजी जखमेपेक्षा पाण्याची आहे. उघड्या जखमेने साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूचा ताप) होऊ शकतो, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथच आली होती. शक्यतो ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन डॉक्सीसायक्लिनचा डोस घ्यायचा का ते विचारा, घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मुलं असतील तर त्यांना आपल्या मनाने ती गोळी द्यायची नाही. पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर डॉक्टरांना आधी पाण्यातून चाललो होतो हे सांगा, नडगीचं नंतर.